दुकानाचा कॉम्प्युटर, खिशातला मोबाइल आणि गिऱ्हाइकाचा विश्वास : मुक्त सॉफ्टवेअरचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत लिनक्स, ब्राउझर आणि मोबाइलच्या सेटिंग्ज यांवर बोललो, पण वेळेत सगळं बसलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो या आठवड्यात करायचाच आहे.

१. आधी मोजा : तुमच्याकडे लोकांचं काय काय आहे?

धंदा सुरू करताना आपण भांडवल मोजतो, माल मोजतो, उधारी मोजतो. लोकांची माहिती मात्र कोणी मोजत नाही.

डोंबिवलीतलं एखादं पोळीभाजी केंद्र घ्या. डबे घरपोच जातात. मोबाइलमध्ये यादी आहे : नाव, इमारत, मजला, फोन नंबर, डबा एकाचा की चौघांचा, कोणत्या तारखेपासून बंद. केंद्राच्या ताईंसाठी ही डब्यांची यादी. चोराच्या हातात पडली तर? कोण एकटं राहतं, कोण दहा दिवस गावाला गेलंय, सगळं आयतं लिहून ठेवलेलं.

कल्याणात ब्लाउज शिवणाऱ्या ताई घ्या. बायकांची मापं, फोटो, नंबर मोबाइलमध्ये असतात. ठाण्यात क्लास चालवणारे सर घ्या. मुलांची नावं, शाळा, सुटायची वेळ, आईवडिलांचे नंबर. आणि आमच्यासारखे झेरॉक्स-प्रिंटवाले? आमच्याकडे तर दिवसभर आधार, पॅन, पासबुक, भाडेकरार, मार्कशीट येत असतात. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आपण प्रिंट काढून देतो, पाच-दहा रुपये घेतो आणि फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहते. महिने जातात. पुढे तो कॉम्प्युटर कोण वापरतो? कामाला ठेवलेला मुलगा, दुरुस्तीला नेणारा, उद्या सेकंडहँड विकत घेणारा.

खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि धंदेवाल्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कायद्याचा गाभा साधा आहे : माहिती का घेताय ते सांगा, परवानगी घ्या, त्याच कामासाठी वापरा, नीट सांभाळा, काम संपलं की पुसून टाका. सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ती मोठ्या कंपन्यांकडे बघून ठेवलीय हे खरं. पण 'आपण लहान, आपल्याला कोण विचारतंय' असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

आणि कायदा बाजूला ठेवा. एका सोसायटीत 'त्यांच्याकडून नंबर बाहेर जातात' एवढं एक वाक्य फिरलं, तर दुकानाचं जे नुकसान होईल ते कोणत्या दंडापेक्षा कमी नाही.

२. मुक्त म्हणजे फुकट नव्हे

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. इंग्रजीत 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटलं की नेहमी घोळ होतो. फ्री म्हणजे मोफत की स्वतंत्र? आपल्या मराठीत हा घोळ नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं.

भाजणीचं उदाहरण घ्या. बाजारातून तयार पाकीट आणलंत तर थालीपीठ होईल, पण आत काय प्रमाणात आहे ते कळणार नाही. शेजारच्या काकूंनी भाजणी दिली आणि सोबत प्रमाणाची चिठ्ठीही दिली, तर तुम्ही तपासू शकता, धणे कमी करू शकता, दुसऱ्याला देऊ शकता, विकूही शकता. मुक्त सॉफ्टवेअर हे चिठ्ठीसकट मिळालेलं सॉफ्टवेअर. चार मोकळीका मिळतात : कशासाठीही वापरा, आतून तपासा, वाटा, बदला.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर करून ही चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. आज तुमच्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तोच लिनक्सचा गाभा आहे. म्हणजे 'लिनक्स मला जमेल का?' असं विचारणारा माणूस गेली कित्येक वर्षं लिनक्सच वापरतोय!

उलट बाजूही समजून घ्या. एखादं अ‍ॅप फुकट आहे पण मुक्त नाही, तर पैसे कुठून येतात हा प्रश्न धंदेवाल्यानं विचारायलाच हवा. बऱ्याचदा उत्तर असतं जाहिराती, आणि जाहिरात नेमकी दाखवायची तर तुमची माहिती लागते.

३. विद्याविहारची गोष्ट

'फुकट वाटून धंदा कसा होतो?' हा प्रश्न माझ्या प्रत्येक बॅचमध्ये येतो. उत्तर शोधायला अमेरिकेला जायला नको. आपली स्लो लोकल पकडा आणि विद्याविहारला उतरा.

फ्रॅपे ही मुंबईची कंपनी. तिचे संस्थापक रुषभ मेहता. घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. तिथे माल, ऑर्डरी, हिशेब यांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर हवं होतं आणि त्या खटपटीतून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. विक्री, खरेदी, साठा, हिशेब, पगार, सगळं एका जागी. त्यांनी ते कुलपात ठेवलं नाही, ग्नू जीपीएल परवान्याखाली मुक्त केलं. कोणीही उतरवून घ्यावं, स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं. भारतीय जीएसटीसाठी 'इंडिया कंप्लायन्स' नावाचं जोड-अ‍ॅपही मुक्तच आहे.

मग कमाई कशातून? ज्याला स्वतः सर्व्हर सांभाळायचा नाही त्याच्यासाठी सांभाळून द्यायचे पैसे, अडचण सोडवायचे पैसे. इतर गावांतले लोकही हेच सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला बसवून देऊन पोट भरतात. म्हणजे सॉफ्टवेअर मुक्त, सेवा विकत. अमेरिकेतली रेड हॅट कंपनी याच पद्धतीनं मोठी झाली आणि २०१९ मध्ये आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरला घेतली.

तुमच्यातल्या ज्यांना कॉम्प्युटरची आवड आहे त्यांनी इथे थांबून विचार करा. कल्याण-डोंबिवलीतली किती दुकानं, दवाखाने, क्लास अजून जुन्या चोरीच्या सॉफ्टवेअरवर आहेत? त्यांना लिनक्स बसवून देणं, शिकवणं, महिन्यातून एकदा येऊन बघणं, हा घरातून सुरू होणारा धंदा आहे. परवाना विकत घ्यायचा नाही, त्यामुळे भांडवल लागतं ते तुमच्या वेळेचं आणि एका पेनड्राइव्हचं.

४. जुना कॉम्प्युटर आणि चोरीचं सॉफ्टवेअर

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठेवलीय. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्या दुकानांतले बरेच सेकंडहँड कॉम्प्युटर त्यात बसत नाहीत.

अपडेट नाही म्हणजे काय होतं? मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी घेतलं नाही ते अडकले. पुढच्याच महिन्यात, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या आला. मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलेला हा किडा आपल्या उंबरठ्यापर्यंत आला : न्हावा शेवाला, जेएनपीटीतल्या मर्स्कच्या टर्मिनलचं कामकाज त्यानं ठप्प केलं. एवढ्या मोठ्या बंदरावर ही वेळ येते, तर आपलं दुकान काय?

दुसरा मुद्दा क्रॅकचा. 'सगळेच वापरतात' हे मी रोज ऐकतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब वाचा. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून फक्त दंड करू शकतं. पण आपला वापर तर धंद्यासाठीच आहे! शिवाय क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. अनोळखी माणसाला दुकानाची किल्ली द्यायची आणि वर कुत्राही बांधून ठेवायचा, असा हा प्रकार.

५. लिनक्सवर काय चालतं, काय नाही

विक्रेत्यासारखं गोड बोलणार नाही. आधी यादी बघा, मग ठरवा.

*आरामात चालतं :* ब्राउझर आणि त्यातलं सगळं, म्हणजे नेटबँकिंग, सरकारी पोर्टल, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब. पत्रं, कोटेशन, हिशेबाचे तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस. फोटोसाठी गिंप, डिझाइनसाठी इंकस्केप, व्हिडिओसाठी व्हीएलसी. एचपीचे बरेच प्रिंटर कंपनीच्याच मुक्त ड्रायव्हरवर लगेच चालतात.

जीएसटी? मालक एकटा असेल, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तर विवरणपत्र ईव्हीसीनं, म्हणजे मोबाइलवरच्या ओटीपीनं भरता येतं. ते कोणत्याही ब्राउझरवर होतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही सक्तीची आहे आणि तिचे डोंगल लिनक्सवर बऱ्याचदा त्रास देतात.

*अडतं :* टॅली मूळ विंडोजसाठी आहे. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लिनक्ससाठी निघत नाहीत. कोरलच्या फायली इंकस्केपमध्ये उघडल्या तरी मोडतोड होते. फ्लेक्सवाला कोरलचीच फाइल मागत असेल तर पीडीएफ चालेल का ते आधी विचारा. अंगठ्याची मशीन वापरून बँकेचं काम करणाऱ्यांना विंडोज किंवा अँड्रॉइडच सोयीचं. थर्मल बिल प्रिंटर आणि बारकोड प्रिंटर घ्यायच्या आधी 'लिनक्स ड्रायव्हर आहे का' हे दुकानदाराला विचारा.

*मराठीचं काय?* युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम चालतं आणि सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये केलेल्या फायली मात्र मूळ फॉण्टशिवाय अगम्य दिसतील. फॉण्टही चोरून वापरायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेले मुक्ता आणि बालू हे देवनागरी फॉण्ट मुक्त परवान्याचे आहेत. दुकानाची पाटी, बिल, पॅकेट, सगळीकडे बिनधास्त वापरा. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं बॉस नावाचं भारतीय लिनक्सही काढलंय, आणि २०१५ पासून केंद्र सरकारचं धोरणच सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं आहे. म्हणजे हा काही हौशी पोरांचा खेळ नाही.

माझा सल्ला : दोन कॉम्प्युटर असतील तर टॅली-कोरलवाल्यावर रीतसर विंडोज ठेवा आणि गिऱ्हाइकांच्या कामाचा लिनक्सवर न्या. एकच असेल तर एकाच यंत्रात दोन्ही बसवता येतात.

६. बदल करायचा कसा? चार पायऱ्या

एकदम उडी मारू नका. दिवाळीच्या गर्दीत तर अजिबात नको.

*पहिली पायरी, आहे त्याच विंडोजवर.* फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस बसवा. दोन आठवडे सगळं काम त्यातच करा. हात बसला की निम्मा बदल झालाच.

*दुसरी पायरी, पेनड्राइव्हवरून चव घ्या.* लिनक्स मिंट उतरवा, पेनड्राइव्हवर चढवा आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स चालतं. प्रिंटर, वायफाय, स्कॅनर, आवाज, सगळं तपासा. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर आरामात चालतं.

*तिसरी पायरी, बॅकअप.* सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

*चौथी पायरी, बसवा.* शक्य असेल तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी टाका, फरक लगेच जाणवेल. बसवताना डिस्क कूटबद्ध करायचा पर्याय येतो, तो लॅपटॉपसाठी घ्याच. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तरी आतलं कोणाला वाचता येणार नाही. पण तो पासवर्ड हरवला तर तुम्हालाही वाचता येणार नाही. कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा.

७. ब्राउझर : दुकानाचा दरवाजा

आज निम्मा धंदा ब्राउझरमधून होतो. तिथली शिस्त अशी ठेवा.

बँकेचं काम एका ब्राउझरमध्ये, बाकी सगळं दुसऱ्यात. बँकेच्या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेंशन नको.

दुसऱ्यात एकच एक्स्टेंशन : यूब्लॉक ओरिजिन. मुक्त आहे, जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट अडवतं. क्रोमनं एक्स्टेंशनची पद्धत बदलल्यापासून ते पूर्ण रूपात तिथे चालत नाही. फायरफॉक्सवर चालतं, मोबाइलच्या फायरफॉक्सवरसुद्धा. याचा धंद्याला थेट उपयोग आहे. 'कस्टमर केअर नंबर' शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतून फसणारे लोक आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. जाहिरातच दिसली नाही तर क्लिक कुठून होणार?

खासगी विंडोबद्दल मोठा गैरसमज आहे. खासगी विंडो बंद केली की त्या यंत्रावरचा इतिहास आणि कुकीज जातात, बस. उतरवलेली फाइल तशीच राहते. इंटरनेट कंपनीला आणि वेबसाइटला तुम्ही दिसताच. गिऱ्हाइकाला लॉगिन करायचं असेल तेव्हा खासगी विंडो जरूर द्या, पण तो बुरखा आहे असं समजू नका.

पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवू देत असाल तर फायरफॉक्सचा प्रायमरी पासवर्ड लावा. त्याहून बरं म्हणजे बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारखं मुक्त पासवर्डचं कपाट.

८. गिऱ्हाइकाच्या फायली : काउंटरचा नियम

झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा.

लिनक्स मिंटमध्ये 'लॉगिन विंडो'च्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशनचा पर्याय आहे, तो चालू करा. गिऱ्हाइकाचं काम पाहुण्याच्या खात्यात करायचं. काम झालं की लॉगआउट. त्या खात्यात उतरवलेल्या फायली, कुकीज, लॉगिन सगळं आपोआप पुसलं जातं. मुलाला 'डिलीट कर रे' असं सांगत बसायला नको.

दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या चॅटसाठी मेसेज २४ तासांत नाहीसे व्हायची सोय आहे, ती लावा. आपोआप डाउनलोड बंद करा. 'लिंक्ड डिव्हाइसेस' दर शनिवारी बघा, अनोळखी यंत्र दिसलं की काढा.

आधारची प्रिंट मागणाऱ्याला विचारा : 'पूर्ण नंबर लागणार आहे का? मास्क्ड आधार चालेल?' मास्क्ड आधारवर फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि यूआयडीएआयच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते उतरवता येतं. असं विचारणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

आणखी एक. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये अनेकदा हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर कागदांच्या प्रतिमा उरू शकतात. मशीन विकताना किंवा भाड्याचं परत देताना डिस्क पुसून द्यायला सांगा, तसं लेखी घ्या. बिघडलेल्या प्रिंटची रद्दी पाठकोरी म्हणून वापरू नका. लोकांच्या पॅनकार्डात वडे बांधलेले मी पाहिलेत. फाडा, मगच टाका.

९. मोबाइल : सगळ्यात मोठी फट

कॉम्प्युटरवर कितीही बंदोबस्त केलात आणि मोबाइल उघडा असला तर उपयोग नाही.

सध्याचा सगळ्यात घातक प्रकार एपीके फाइलचा. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या चलानाच्या नावानं फाइल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ते अ‍ॅप असतं, पत्रिका नसते. एकदा बसलं की एसएमएस वाचतं, ओटीपी पळवतं. नियम एकच : चॅटमधून आलेलं अ‍ॅप कधीही बसवायचं नाही. सेटिंगमध्ये 'अनोळखी अ‍ॅप बसवणे' व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर तिन्हींसाठी बंद ठेवा. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात, त्यामुळे पहिला तास महत्त्वाचा.

नवउद्योजकाला भांडवल लागतं आणि इथेच कर्जाची अ‍ॅप गळ टाकून बसलेली असतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलंय : कर्जाच्या अ‍ॅपनं तुमची संपर्कयादी, कॉल लॉग, फोटो-फायली यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा लोकेशन फक्त ओळख पटवताना, एकदाच, तुमच्या संमतीनं. म्हणजे कर्ज देणारं अ‍ॅप संपर्कयादी मागतंय, एवढ्यावरूनच ते नियमात नाही हे ओळखा आणि काढून टाका. त्या यादीत तुमची गिऱ्हाइकं आहेत. वसुलीचे फोन त्यांना गेले तर धंदा एका दिवसात बसेल.

परवानग्यांची झाडझूड करा. टॉर्चला संपर्क कशाला? कॅल्क्युलेटरला लोकेशन कशाला? एफ-ड्रॉइड नावाचं मुक्त अ‍ॅपचं भांडार २०१० पासून आहे. तिथे कोणत्या अ‍ॅपमध्ये जाहिराती किंवा पाळत आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ते बसवायला एकदा परवानगी उघडावी लागते, त्यामुळे फक्त त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि ब्राउझरची ती परवानगी लगेच परत बंद करा.

१०. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ताईत नव्हे

गळ्यात बांधला आणि निर्धास्त झोपलो, असं इथे चालत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटचं संकेतस्थळ फोडून हल्लेखोरांनी डाउनलोडच्या जागी बिघडवलेली प्रत लावली होती. म्हणून उतरवलेल्या फाइलचा चेकसम जुळवून बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे, व्हिडिओत करून दाखवलंय.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, लिनक्सवर सगळीकडे असणाऱ्या लहानशा प्रोग्रामात चोरदरवाजा सापडला. अनेक महिने विश्वास संपादन करून कोणीतरी तो बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्यानं खणून काढलं आणि सर्वदूर पसरायच्या आत तो पकडला गेला. यातून दोन्ही गोष्टी शिकायच्या. चोर इथेही शिरतो. पण प्रमाणाची चिठ्ठी उघडी असल्यामुळे बाहेरचा माणूस ती तपासू शकतो. म्हणून अपडेट मॅनेजरनं सांगितलं की अपडेट घ्यायचं, टाळायचं नाही.

आणि बॅकअपचा शेवटचा शब्द. २६ जुलै २००५ चा पूर कल्याण-डोंबिवली-बदलापूरला सांगायला नको. तळमजल्यावरच्या दुकानात सीपीयू जमिनीवर ठेवू नका. हिशेबाची एक प्रत दुकानात, एक घरी, आणि घर उंचावर. पाण्याला लिनक्स आणि विंडोज यांतला फरक कळत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वहीत यादी करा : माझ्याकडे लोकांची कोणती माहिती आहे, कुठे आहे, किती दिवस लागते.

२. गरज संपलेली माहिती पुसा. कचरापेटीही रिकामी करा.

३. मोबाइलमधल्या प्रत्येक अ‍ॅपची संपर्क, एसएमएस आणि लोकेशनची परवानगी तपासा.

४. फायरफॉक्स, यूब्लॉक ओरिजिन आणि लिब्रेऑफिस बसवा.

५. काउंटरवर पाटी लावा : 'तुमच्या फायली काम झाल्यावर पुसल्या जातात.' मुक्ता फॉण्टमध्ये छापा, मोठ्या अक्षरात. पण आधी पुसायची सवय लावा, पाटी मग.

पाचही कामं मिळून एका सुट्टीच्या दुपारचा वेळ लागेल आणि खर्च जवळजवळ शून्य. पुढच्या भागात लिब्रेऑफिसमध्ये उधारीचं खातं आणि महिन्याचा नफा-तोटा कसा मांडायचा ते शिकू. तोपर्यंत मिंटचा पेनड्राइव्ह तयार ठेवा.